लाल पाटीचा ट्रक

अंकाचा विषय ‘चाक’ आहे, तुम्ही महामार्गावरच्या गावचे, तेव्हा तिथलंच काही द्या, असा संपादकांचा निरोप आला. करमाळ्यात वाढलेल्या माणसाला महामार्गाचं कौतुक फारसं उरत नाही. मनमाडकडून नगर, मिरजगाव करत येणारी आणि टेंभुर्णीला पुणे-सोलापूर रस्त्याला मिळून पुढे विजयपूरकडे उतरणारी उत्तर-दक्षिण मालवाहतूक आमच्या दारावरून जाते. राजस्थान, हरियाणा, पंजाब, कर्नाटक, तामिळनाडू अशा पाट्या इथल्या पोरांना शाळेत नकाशा शिकवण्याआधीच पाठ असतात. कमलाभवानीच्या दीपमाळा बघायला लोक लांबून येतात. आम्ही संध्याकाळी बायपासला जाऊन ट्रक बघतो.

म्हणून ठरवलं, जो ट्रक या रस्त्यावर अजून यायचा आहे तोच शोधायचा. विजेवर चालणारा, पन्नास टनांच्या घरातला, शोरूमला न लागलेला. असे ट्रक विक्रीला येण्याआधी महिनोन्‌महिने सार्वजनिक रस्त्यावर फिरत असतात. नाव झाकलेलं, अंगावर नक्षीचे कागद, आत माणसं दोन आणि वायरी दोनशे. वाहनांच्या मासिकांना त्यांचे चोरून काढलेले फोटो हवे असतात. मला फोटोपेक्षा वेगळं कुतूहल होतं. हा ट्रक नेमकी कसली परीक्षा देतोय, आणि त्या प्रश्नपत्रिकेत आमच्या रस्त्याचा एखादा तरी प्रश्न आहे का?

नाक्यावरचे जाणकार

नवं वाहन ओळखण्यात पंक्चरवाल्याचा हात कोणी धरणार नाही. तो गाडीचं तोंड बघतच नाही. त्याची नजर चाकावर, ॲक्सलवर आणि चेसिसच्या खालच्या बाजूला. धाबेवाला आवाजावर ओळखतो, आणि ड्रायव्हर दोन्हीवर. या मंडळींशी बोलत बसलं की आधी कळतं ते काय नाही हे.

पहिला गैरसमज चेसिसचा. नगर रस्त्यावर पहाटे नुसत्या सांगाड्यांची रांग दिसते. मागे हौदा नाही, कधी केबिनही अर्धवट, आणि वर गॉगल लावून मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर. नवखा माणूस लगेच मोबाईल काढतो. ही चाचणी नव्हे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या चेसिस डिलिव्हरीला निघाल्या आहेत. त्या बॉडी बांधणाऱ्याकडे जातील आणि तिथून मालकाकडे.

दुसरा घोटाळा एलएनजीचा. केबिनच्या मागे किंवा चेसिसच्या बगलेला मोठं चकचकीत नळकांडं दिसलं की ‘बॅटरी, बॅटरी’ असा पुकारा होतो. ती टाकी थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूची असते. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२मध्ये असे ट्रक आणले. त्या गाडीला इंजिन आहे, धुराडं आहे, आणि चढावर तिचा दमही ऐकू येतो. तिसरा प्रकार हायड्रोजनचा. ४ मार्च २०२५ रोजी टाटा मोटर्सच्या हायड्रोजनवरच्या १६ ट्रकांच्या चाचणीला दिल्लीत हिरवा झेंडा दाखवला गेला. ही चाचणी चोवीस महिन्यांपर्यंत चालायची, आणि तिच्या मार्गांत मुंबई आणि पुणेही आहेत. त्यातल्या काही गाड्या हायड्रोजन थेट इंजिनात जाळतात, तर काही त्यापासून वीज करून मोटर फिरवतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक करणं अवघड.

मग निव्वळ बॅटरीचा ट्रक ओळखायचा कसा? डिझेलची टाकी असते तिथे बघा. तिथे चौकोनी बंद पेट्या असतात आणि त्यांतून जाड नारिंगी वायरी निघतात. उच्च दाबाच्या वायरींना नारिंगी रंग देण्याची जगभर रीत आहे. बॅटरी बदलायच्या पद्धतीचा ट्रक असेल तर केबिनच्या पाठीमागे कपाटाएवढं धूड उभं दिसतं. धुराडं शोधून सापडत नाही. आवाज मात्र अगदीच नसतो असं नाही. एअर ब्रेक तिथेही आहेत, म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर आला. थांबल्यावर तोच घरघरतो, आणि ब्रेक सोडला की नेहमीचा ‘फिस्स’ होतो. चालताना टायरचा घरंगळ आवाज तेवढा राहतो. रात्री रस्ता ओलांडणाऱ्याला ट्रक आल्याचा पत्ता लागणार नाही, ही भीती खरी आहे. विजेच्या वाहनांना मंद वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने सप्टेंबर २०२५मध्ये काढला तो त्यामुळेच.

विजेचं मोठं वाहन नगरच्या माणसाला नवं नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला धावली. बरोबर त्याच तारखेला, २०२२ साली, त्याच रस्त्यावर एसटीची पहिली विजेची ‘शिवाई’ सुटली. माणसं वाहणारी वीज नगरपर्यंत पोचली. मालाची वीज कुठे अडली?

पाटीचे रंग

चाचणीचा ट्रक ओळखायची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे नंबरपाटी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याने धावणारं वाहन. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे तेच, पण विजेवरचं. पिवळ्यावर लाल अक्षरं असतील तर नोंदणी तात्पुरती. आणि लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे वाहन अजून कोणाच्याच नावावर नाही. ते कंपनीच्या किंवा विक्रेत्याच्या व्यवसाय प्रमाणपत्रावर, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेटवर, रस्त्यावर आलेलं आहे. त्या नंबरात ‘टीसी’ ही अक्षरं असतात. आमचं पासिंग अकलूजचं, एमएच ४५, नगरचं १६. चाचणीच्या गाड्यांवर मात्र बहुधा पिंपरी-चिंचवडचा १४ दिसतो, कारण कारखाने तिकडे.

लाल पाटी म्हणजे वाट्टेल ते करायची मुभा नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत या प्रमाणपत्रावर गाडी कशासाठी बाहेर काढायची याची यादीच आहे आणि चाचणी तिच्यात येते. याच नियमांतला १२६वा नियम सांगतो, की कुठल्याही नव्या वाहनाचा नमुना आधी ठरलेल्या संस्थेकडे तपासायला द्यायचा. तिथे तो पास झाल्याशिवाय त्या जातीचं एकही वाहन विकता येत नाही. अशा ठरलेल्या संस्थांपैकी तीन आमच्या टापूतल्या. पुण्याची एआरएआय १९६६ पासूनची. पुणेकर सकाळी फिरायला जातात ती टेकडी तिच्याच नावाने ओळखतात. भोसरीची सीआयआरटी दुसरी. आणि तिसरी नगरची व्हीआरडीई, म्हणजे लष्करी वाहनांचं संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था. दौंड रस्त्यावरच्या तिच्या आवारात चाचणीसाठी बांधलेले मार्ग आहेत. करमाळ्याहून नगर नव्वदेक किलोमीटर, पुणे दोनशेच्या आसपास. म्हणजे देशातल्या मालवाहनांची परीक्षा ज्या पट्ट्यात होते त्याच्या आम्ही ऐन कडेला बसलेलो आहोत.

काही गाड्यांच्या पाठीवर ‘ऑन टेस्ट बाय एआरएआय’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते दिसलं की मागचे मोटारसायकलवाले हटकून जवळ येतात. पाटी लावलेली असते अंतर ठेवा म्हणून, आणि होतं उलटंच.

काँक्रीटचा माल

चाकण-तळेगाव रस्त्यावर उभं राहिलं की असं वाहन दिसायला फार थांबावं लागत नाही. मला दिसला तो ट्रेलर. पुढचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा भाग, नक्षीच्या कागदांत गुंडाळलेला, जाळीवरचं चिन्ह काळ्या पट्टीने झाकलेलं, पाटी लाल, आणि मागच्या उघड्या पाटावर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले काँक्रीटचे ठोकळे. बिल्टी नाही, ताडपत्री नाही, कुठे पोचवायचाही नाही असा माल. चढावर त्याने भरलेल्या डिझेल ट्रकांना सहज मागे टाकलं, आणि शेजारचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघत राहिला.

ठोकळे कशाला? कारण वजन नेमकं हवं. वाळूची पोती पावसात भिजून जड होतात, पाणी टाकीत हिंदकळतं. ठोकळ्याचं वजन काट्यावर एकदा केलं की महिनाभर तेच. शिवाय ते पुढेमागे सरकवून कुठल्या ॲक्सलवर किती भार घालायचा हेही ठरवता येतं. रस्त्यावरचा मालक काय करतो हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. पासिंगपेक्षा जास्त माल भरतो, आणि भरताना मागे भरतो.

केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी क्लीनरऐवजी लॅपटॉपवाला इंजिनिअर. बॅटरीच्या पेट्यांत, मोटरमध्ये, ब्रेकच्या ड्रमपाशी तापमान मोजणाऱ्या बारीक तारा खोचलेल्या असतात. टपावर उपग्रहाचा अँटेना. दर क्षणाला वेग, चढ, ओढला गेलेला प्रवाह आणि आतली उष्णता यांची नोंद होत राहते. पहिल्या टप्प्यात तर बाहेरून काहीच नवं दिसत नाही, कारण जुन्याच ट्रकच्या अंगात नवी मोटर घालून फिरवतात. हा टप्पा फोटोवाल्यांच्या हाती सहसा लागत नाही, आणि माझ्या मते खरा तोच. नक्षीचे कागद येतात तेव्हा बरंचसं ठरून गेलेलं असतं. केबिनची ठेवण लपवायला कागद लावतात. मालकाला केबिनशी काय करायचंय?

इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा वेगवान गोल मार्ग आहे, आशियातला सर्वांत लांब. तिथे शिस्तीत चाचणी होते. मग सार्वजनिक रस्त्यावर यायचं कारण काय? बांधलेल्या मार्गावर गतिरोधक असतात, पण ते ठरलेल्या उंचीचे. ग्रामपंचायतीने रातोरात घातलेला गतिरोधक तिथे नसतो. डबल ट्रॉलीच्या मागे अर्धा तास पाचच्या वेगाने सरकणं नसतं. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२-४३वर जातो, खालचं डांबर त्याहून तापतं, आणि अशा वेळी बॅटरी गार ठेवायला बॅटरीतलीच वीज खर्च होते. चालकाच्या केबिनला वातानुकूलन आता सक्तीचं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना तो नियम लागू झाला. ड्रायव्हरांचा तो हक्कच आहे, पण विजेच्या ट्रकच्या हिशेबात तीही युनिटं धरावी लागतात.

अमेरिकेतही हाच खेळ चालला. टेस्लाने ‘सेमी’ हा विजेचा ट्रक नोव्हेंबर २०१७मध्ये दाखवला आणि पहिले ट्रक गिऱ्हाइकाच्या, म्हणजे पेप्सिकोच्या, हाती दिले १ डिसेंबर २०२२ला. मधली पाच वर्षं कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर लोक त्याच्या मागावर होते. तिथेही पाटावर काँक्रीटचेच दुभाजक लादलेले दिसत. मार्च २०१८मध्ये कंपनीने नेवाडातल्या आपल्या कारखान्यातून बॅटऱ्या भरून तो डोंगर ओलांडत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नेला. स्वतःचाच माल, ठरलेला रस्ता, दोन्ही टोकांना स्वतःचाच चार्जर. ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी ध्यानात ठेवा.

घाटात

विजेच्या ट्रकचं खरं रूप बघायचं तर बोरघाटात. तिथे चढताना नव्हे, उतरताना लक्ष द्यायचं.

डिझेलचा ट्रक उतारावर डिझेल परत देत नाही. म्हणून ड्रायव्हर ‘न्यूट्रल मारतो’. गिअर काढून टाकायचा आणि गाडी सोडून द्यायची. वाचलेल्या डिझेलचे पैसे बऱ्याचदा त्याच्याच खिशात जातात, कारण मालक फेरीला डिझेल ठरवून देतो. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून निकामी, आणि पुढे काय होतं हे पुण्यात नवले पुलाच्या उताराने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

विजेच्या ट्रकात हे गणित फिरतं. उतारावर पाय उचलला की तीच मोटर उलटं काम करते, चाकांना अडवते आणि वीज बनवून बॅटरीत भरते. चाळीस टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली उतरला तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे त्यातून ५४ युनिटं ऊर्जा सुटते. रस्त्याचं घर्षण, वारा, यंत्रातली गळती वजा जाता सगळी हाती येत नाही, पण चांगला वाटा येतो. न्यूट्रल मारणाऱ्याचं इथे नुकसान होतं. जे वाहतूक पोलिसांच्या फलकांना जमलं नाही ते बॅटरीचा काटा करून दाखवील, असं मला वाटतं.

त्यात एक मेख आहे. खंडाळ्याला बॅटरी गच्च भरून घेतली आणि लगेच घाट उतरायला लागलो तर आलेली वीज ठेवायची कुठे? भरलेली बॅटरी ती घेत नाही, अटकाव कमी होतो आणि काम पुन्हा साध्या ब्रेकवर येतं. म्हणून कुठल्या टोकाला किती चार्ज करायचं हे घाट बघून ठरवावं लागतं. माल कुठल्या दिशेने जड आहे, यावरही पुष्कळ अवलंबून. न्हावाशेव्याहून आयातीचा कंटेनर पुण्याकडे येताना भरलेला चढतो. निर्यातीचा भरलेला उतरतो. एकाच रस्त्याच्या दोन फेऱ्या, आणि दोन निराळी उत्तरं.

चाचण्यांनंतरचे पहिले ताफे याच पट्ट्यात आले हे म्हणूनच नवल नाही. सप्टेंबर २०२५मध्ये न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणारे ५० अवजड विजेचे ट्रक कामाला लागले. पुढच्या महिन्यात चाकणला ब्लू एनर्जीने आपला विजेचा ट्रक मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बाजारात आणला, तोही बॅटरी बदलण्याच्या सोयीचा आणि मुंबई-पुणे मार्ग डोळ्यांपुढे ठेवून. ठरलेलं अंतर, ठरलेला माल, दोन्ही टोकांना सोय. सेमीची पहिली फेरी आठवा.

कंदरची केळी

आता आमच्याकडे या. करमाळा तालुक्याचा उजनीकाठचा भाग केळीचा आहे. कंदर आणि आजूबाजूच्या गावांतून केळी खोक्यांत भरून शीतकंटेनरने न्हावाशेव्याला जाते आणि तिथून आखाती देशांत. अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात. निर्यात, म्हणजे घाट भरलेला उतरायचा. कागदावर विजेच्या ट्रकला साजेसं काम.

हिशेब मांडू. माँट्राचा ‘ऱ्हायनो’ हा ५५ टनी ट्रक २८२ युनिटांच्या बॅटरीवर १९८ किलोमीटरपर्यंत जातो, असं कंपनी सांगते. म्हणजे किलोमीटरला साधारण एक पूर्णांक चार युनिटं. वीज युनिटला दहा रुपयांनी मिळाली तर किलोमीटर चौदा रुपयांना पडतो. बाहेरच्या चार्जरवर वीस रुपये मोजले तर अठ्ठावीसला. डिझेल लिटरला नव्वद धरून अडीचचं ॲव्हरेज घेतलं तर छत्तीस. बचत दोन्हींकडे आहे, पण ती चार्जर कोणाचा यावर ठरते. वर ट्रकची किंमत डिझेल ट्रकच्या दुपटीच्या पुढे.

शिवाय केळी थांबत नाही. कंटेनर चौदा अंशांच्या आसपास गार ठेवावा लागतो आणि ते यंत्रही ऊर्जा मागतं. वाटेत एकदा तरी दीड-दोन तास थांबून चार्ज करायचं तर कुठे? पुणे-सोलापूर रस्त्यावर हॉटेलांसमोर चार्जर दिसतात, पण ते मोटारींसाठी. दोन खांबांमधल्या त्या जागेत ट्रेलर शिरत नाही. शिरला तर वळत नाही, आणि घोडा सोडून एकटा आत न्यायचा तर भरलेला कंटेनर रस्त्याकडेला कोणाच्या भरवशावर ठेवायचा? नगर-टेंभुर्णी रस्त्याचं तर बोलायलाच नको. जातेगाव ते टेंभुर्णी चौपदरीकरणाची मागणी करून इथल्या माणसांचे घसे सुकले. जिथे ट्रक नीट उभा करायला जागा नाही तिथे चार्जिंगचं स्वप्न कोण बघणार?

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकांसाठी ५०० कोटी रुपये बाजूला काढले आहेत. जुलै २०२५मध्ये त्याचे नियम आले. एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये, सुमारे ५,६०० ट्रकांना, आणि अट अशी की जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला हवा. बॅटरीवर कंपनीने पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटरची हमी द्यायची. कारणही सरकारने दिलं आहे. देशातल्या वाहनांत डिझेल ट्रक ३ टक्के, पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के. योजना चांगली आहे. पण ती घेणार सिमेंटवाले, पोलादवाले, बंदरातले कंत्राटदार. एक-दोन गाड्यांचा मालक, जो स्वतःच गाडीवर ड्रायव्हर असतो आणि परतीचं भाडं मिळेल तिकडे वळतो, त्याला एवढी मोठी रक्कम अडकवून ठरलेल्या टोकांमध्येच फिरणं परवडत नाही. उद्या इंदूरचा माल मिळाला तर तो नाही म्हणणार आहे का?

कारखान्याच्या दारात

नाक्यावर बसून, चाकण-खंडाळा करून आल्यावर मला जे वाटलं ते सांगतो. आमच्या भागातलं विजेच्या ट्रकला सगळ्यांत योग्य काम महामार्गावर नाही. ते उसाच्या फडात आहे, आणि तिथे लाल पाटीचा ट्रक कोणी आणलेला माझ्या तरी कानावर नाही.

सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. आमच्या एकट्या तालुक्यात शेलगाव-भाळवणीचा आदिनाथ, भिलारवाडीचा मकाई, विहाळचा भैरवनाथ, पांडेचा कमलाई. हंगाम लागला की ऊस फडातून गव्हाणीपर्यंत जातो, अंतर वीस-तीस-चाळीस किलोमीटर. रोज तोच रस्ता, तेच टोक. भरलेली गाडी कारखान्याकडे आणि रिकामी फडाकडे. कारखान्यात पोचल्यावर नंबर लावायचा, वजनकाट्याची वाट बघायची, आणि अड्ड्यात तासन्‌तास, कधी रात्रभर उभं राहायचं. महामार्गावरच्या ट्रकला जो वेळ मिळत नाही तो या गाडीकडे हवा तेवढा आहे. आणि ज्या आवारात ती उभी असते तिथेच, अनेक कारखान्यांत, उसाच्या बगॅसवर वीज तयार होत असते. सहवीजनिर्मिती चालते ती नेमकी याच हंगामात. मोठ्या दाबाची वीजवाहिनी आधीच दारात आहे. वेगळं उपकेंद्र मागायला महावितरणच्या पायऱ्या झिजवायला नकोत.

अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. हंगाम संपल्यावर गाडी काय करणार, हा पहिला प्रश्न. वाहतूकदार आधीच ऊसतोड टोळीला आगाऊ दिलेल्या उचलीत अडकलेला असतो, मुकादम पळाला तर गाडी विकायची पाळी येते. त्याच्याकडून नवं कर्ज काढायची अपेक्षा करणं शहाणपणाचं नाही. म्हणजे पहिले ट्रक कारखान्याने किंवा कारखान्यांच्या गटाने घ्यावेत, आणि बिगरहंगामात साखर व खत वाहायला लावावेत.

दुसरा प्रश्न कंपन्यांचा, आणि तोच चाचणीचा. फडातला रस्ता म्हणजे रस्ता नव्हे. काळ्या रानात पाणी सुटलेलं असतं, भरलेला ट्रक आसापर्यंत रुततो, मग ट्रॅक्टरने टोचन लावून ओढायचा. मोटरला सुटतानाच पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे विजेचा ट्रक रुतल्या जागेवरून बरा निघेल असा माझा तर्क आहे. पण बॅटरीच्या पेट्या चेसिसच्या बगलेला, बांधाच्या उंचीवर. बांध घासला तर? उसाचं पाचट अडकून गार करायच्या जाळ्या तुंबल्या तर? टोचनाचा हुक कुठे लावायचा, हे ड्रायव्हरला माहीत असलेली जागाच बदलली तर? उसाच्या मोळ्या मापापेक्षा वर रचल्या की गाडी डुलते, बॅटरीचं वजन खाली असल्याने ती कमी डुलेल की नाही? यातल्या एकाचंही उत्तर पीथमपूरच्या गोल मार्गावर मिळणार नाही, आणि काँक्रीटचे ठोकळे कितीही नेमके तोलले तरी ते उसासारखे डुलत नाहीत.

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतल्या मंडळींना म्हणून एक विनंती आहे. पुढच्या हंगामात एक लाल पाटीचा ट्रक तालुक्यात पाठवा. नक्षीचे कागद काढून आणलात तरी चालेल, फोटो काढायला इथे कोणाला सवड नसते. ठोकळे मात्र घरी ठेवा, माल आम्ही भरून देऊ. लॅपटॉपवाल्या इंजिनिअरने फडात उतरून टोळीबरोबर पहिली मोळी चढवावी, अड्ड्यात नंबर लावून रात्र काढावी, आणि सकाळी आतल्या तारांनी काय नोंदवलं ते वाहतूकदारांना मराठीत सांगावं. कारखान्यांच्या संचालक मंडळांनीही एवढं करावं, की हंगामाच्या सभेत उचल, टोळ्या आणि दर यांबरोबर हा विषय एकदा पटलावर घ्यावा. अड्ड्याच्या कोपऱ्यात एका चार्जरला लागणारी जागा आणि वीज बहुतेकांच्या आवारात आज आहे.